आपल्याच माणसांचा वाईट सिनेमा

प्रश्न थोडक्यात असा: "चार वर्षं चित्रपट-परीक्षणं लिहितोय. त्याच्या आधीपासून अपंग हक्कांच्या चळवळीत आहे. संपादक म्हणतात, कार्यकर्ता व्हायचं असेल तर परीक्षणं सोड. संघटनेतले म्हणतात, लेखणी हातात आहे तर आमच्यासाठी चालव. दोन्ही सांभाळून यात करिअर होतं का? आणि तातडीचं म्हणजे, पुढच्या शुक्रवारी येणाऱ्या एका सिनेमाविरुद्ध पत्रक निघतंय, त्यावर सही मागतायत. सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. करू का?"

तातडीचं आधी उरकते. सही करू नका. न पाहता दिलेलं मत कार्यकर्त्याला एकवेळ माफ होतं, समीक्षकाला होत नाही. मी हे करून बसले आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका सिनेमाच्या ट्रेलरमध्ये चारजण एका तोतऱ्या माणसाची नक्कल करून खिदळत होते. आमच्या गटाचं पत्रक तासाभरात तयार झालं आणि त्यावर दुसरंच नाव माझं होतं. सिनेमा आला तेव्हा कळलं, तो प्रसंग त्या तोतऱ्या माणसाच्याच आठवणीतला आहे आणि पुढचे दोन तास त्या चौघांच्या हसण्याचा हिशेब मांडण्यात जातात. परीक्षणात मी चूक कबूल केली. तरी नंतर कितीतरी वर्षं, मी कशावरही टीका केली की कुणीतरी ते पत्रक शोधून काढायचं आणि नाचवायचं. नाचवणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं.

आता मोठा प्रश्न. मी २२ वर्षं परीक्षणं लिहितेय आणि जवळजवळ तितकीच वर्षं चळवळीत आहे. शिव्या दोन्हीकडून मिळतात. त्याचा अर्थ आपण बरोबर मध्यावर उभे आहोत असा बरेच जण लावतात, पण माझ्या अनुभवात कधीकधी दोन्हीकडच्यांचं बरोबर असतं.

तुमच्या संपादकांना वाटतं तसं हे मिश्रण नवं नाही. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये एका चित्रपटाच्या खेळाबाहेर पाटी लागली होती. टेक्सासमध्ये एका काळ्या माणसाला खांबाला बांधून जाळलं ते पाहा, त्याचं कण्हणं ऐका, तिकीट एक सेंट, असा तिचा मजकूर. 'न्यूयॉर्क एज' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात नाटक-सिनेमाचं पान सांभाळणारे लेस्टर वॉल्टन यांनी त्या पाटीवर लिहिलं. आज गप्प बसलो तर उद्या हे वाढेल, असा त्यांचा मुद्दा होता. सिनेमा हे माध्यम तेव्हा धड पंधरा वर्षांचंही नव्हतं. याच वॉल्टननी वृत्तपत्रांनी 'नीग्रो' शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापावं म्हणून मोहीम चालवली, आणि १९३५ मध्ये ते अमेरिकेचे राजदूत म्हणून लायबेरियाला गेले. करिअर विचारताय म्हणून हेही सांगितलं.

जर्मनीत झीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९३२ मध्ये सरळ लिहून टाकलं की दखल घेण्याजोगा चित्रपट-समीक्षक हा समाजाचा समीक्षक असल्याशिवाय होऊच शकत नाही. पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. नोव्हेंबर १९३६ मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने कलासमीक्षेवर बंदी घातली. बंदी लिखाणावर नव्हती, मूल्यमापनावर होती: कलाकृतीचं वर्णन करा, वृत्तांत द्या, चांगलं-वाईट ठरवू नका. 'कथा सांग, अभिनयावर दोन ओळी, तारे दे आणि थांब' असं कुणी मला सांगतं तेव्हा हे आठवतं. तुमचे संपादक गोबेल्स नाहीत, बिचाऱ्यांना जाहिराती सांभाळायच्या असतात. पण मूल्यमापन काढून घेतलं की जे उरतं त्याला समीक्षा म्हणायचं कशाला?

हे दोन्ही करताना पद्धत कुणाकडून शिकावी असं विचाराल तर मी व्हिटो रूसो हे नाव घेईन. न्यूयॉर्कचा हा माणूस १९७० च्या दशकात समलैंगिक हक्कांच्या संघटनेत होता. संघटनेच्या जागेत सिनेमे दाखवायचा. मग जुन्या हॉलिवुडपटांतले तुकडे जोडून व्याख्यान देत कॉलेज-कॉलेज हिंडू लागला. लोकांना 'हॉलिवुड आमची बदनामी करतं' असं सांगण्यापेक्षा तो सलग तुकडे दाखवायचा. हा बायकी चालीचा नोकर, हा गळफास घेणारा, ही वेडी झालेली. दहाव्या तुकड्यापर्यंत सभागृहातलं हसू आपोआप बंद पडत असणार. त्यातून १९८१ मध्ये 'द सेल्युलॉइड क्लॉझेट' हे पुस्तक झालं. १९८७ च्या आवृत्तीत शेवटी पडद्यावर मेलेल्या समलैंगिक पात्रांची यादीच आहे: सिनेमा, पात्र आणि मरण कसं आलं ते. खून, आत्महत्या, झाड अंगावर पडून. त्या यादीत विशेषण एकही नाही. मोर्चातल्या शंभर घोषणांनी जे होणार नाही ते त्या दोन-तीन पानांनी केलं. १९८५ मध्ये माध्यमांतल्या चित्रणावर लक्ष ठेवणारी 'ग्लाड' ही संस्था सुरू करणाऱ्यांत तो होता, नंतर एड्सच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरणाऱ्या 'ॲक्ट अप'मध्येही होता. १९९० मध्ये एड्सनेच गेला, ४४ वर्षांचा.

माझी वही त्याच्याच यादीवरून सुरू झाली. साधी शंभर पानी, आता सोळावी चालू आहे. सिनेमात अपंग पात्र आलं की चार गोष्टी टिपते. पहिल्या दृश्यात ते काय *करतं*? म्हणजे काही करतं की त्याला काही केलं जातं? लोक त्याच्याशी बोलतात की त्याच्याबद्दल बोलतात? शेवटी त्याचं काय होतं? बरं होतं, मरतं, की दुसऱ्याच्या सुखासाठी बाजूला होतं? आणि ते पात्र करणारा नट अपंग आहे का? याखेरीज समासात बारीकसारीक. आंधळी नायिका नायकाचा चेहरा चाचपून बघते, हे मी इतक्यांदा टिपलंय की आता नुसती खूण करते. माझ्या अंध मैत्रिणींपैकी एकीनेही आजवर कुणाचा चेहरा चाचपलेला नाही. त्यातली एक म्हणते, आम्हाला माणसाचा आवाज पुरतो, चेहरा डोळसांनाच लागतो.

वही कंटाळवाणी असते. पण परीक्षणात 'हे चित्रण असंवेदनशील आहे' लिहिण्याऐवजी 'पहिल्या चाळीस मिनिटांत सहाजण तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी एकही नाही' असं लिहिता येतं, ते तिच्यामुळे. पहिल्या वाक्यावर वाद होतो. दुसऱ्यावर लोक परत सिनेमा बघतात.

एक सावधगिरी. असल्या नोंदींतून पुढे कसोट्या तयार होतात. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या चित्रपट्टीतून आलेली कसोटी तुम्हाला माहीत असेल: सिनेमात निदान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज कशावर? रूसोच्या नावानेही 'ग्लाड'ने अशीच एक कसोटी केली आहे. अशा कसोट्या ढिगासाठी असतात. वर्षभराचे शंभर सिनेमे चाळणीतून काढले की दिसणारं चित्र खरं असतं. एकट्या सिनेमाला तीच चाळणी लावून त्याला पास-नापास केलं की तुम्ही समीक्षक उरत नाही, चेकनाक्यावरचे कारकून होता. चळवळीतले तरुण मित्र हे ऐकत नाहीत. त्यांना हातात पटकन काहीतरी हवं असतं, आणि तेही समजतं मला.

आता जे मला खरं सांगायचंय. तुम्हाला वाटत असेल, कसोटीचा क्षण म्हणजे बड्या निर्मात्याच्या सिनेमावर कडक लिहिणं. ते सोपं असतं. आमंत्रणं बंद होतात, बस. फ्रान्समध्ये फ्रांस्वा त्र्युफो इतकं झोंबरं लिहायचा की १९५८ मध्ये कान महोत्सवाने त्याला समीक्षक म्हणून प्रवेशच नाकारला. पुढच्या वर्षी त्याच महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आपल्या नशिबात ते दुसरं वर्ष नसतं, पण तिकीट काढून सिनेमा बघता येतोच. कठीण असतो तो आपल्याच माणसांचा वाईट सिनेमा.

माझ्यावर ही वेळ सहाव्या की सातव्या वर्षी आली. आमच्याच चळवळीतल्या दोघांनी वर्गणी काढून पूर्ण लांबीचा सिनेमा केला. नायिका व्हीलचेअरवर, नटीसुद्धा. मुद्दे सगळे बरोबर. आणि सिनेमा असह्य. प्रत्येक पात्र भाषण ठोकायचं, कॅमेरा एका जागी ठाण मांडून, दर दहा मिनिटांनी बासरी. मी काय केलं? 'विषयाचं धाडस', 'प्रामाणिक प्रयत्न', 'तांत्रिक मर्यादा असूनही' असं सगळं लिहिलं. परीक्षण छापून आल्यावर त्या नटीचा फोन आला. रागावली नव्हती, थकलेली वाटली. म्हणाली, "ताई, तू मला पास केलंस. इतर नट्यांना तू मार्क देतेस."

त्या वाक्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही. अपंगांना दयेने वागवू नका असं मी दहा व्यासपीठांवरून सांगत होते आणि कागदावर मी नेमकं तेच केलं होतं. शिवाय जे वाचक माझ्या शब्दावर तिकीट काढून गेले, ते अर्ध्यातून उठले आणि पुढच्या वेळी खरोखर चांगल्या सिनेमाबद्दल मी लिहिलं तेव्हा आलेच नाहीत. नुकसान चळवळीचंच झालं.

तेव्हापासून आपल्या लोकांच्या सिनेमावर मी आधी हस्तकलेचं लिहिते: संवाद कुठे अडकला, कुठला प्रसंग कापायला हवा होता, नटीने कुठे कमाल केली. राजकारण बरोबर आहे हे एका वाक्यात येतं. दोन मैत्र्या तुटल्या. एक आठ वर्षांनी परत जुळली, तीही तिसऱ्याच कारणाने.

याची उलटी बाजूही आहे: सुंदर बनवलेला, पण विषारी सिनेमा. इथे चळवळीतले लोक म्हणतात, त्याच्या कलेचं कौतुक करूच नकोस. मला हे पटत नाही. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'बर्थ ऑफ अ नेशन' आला तेव्हा त्याने सिनेमाची भाषा पुढे नेली आणि त्यात नायक म्हणून दाखवलेली, काळ्यांवर अत्याचार करणारी गोऱ्यांची संघटना कू क्लक्स क्लॅन त्याच वर्षी नव्याने उभी राहिली. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येऊन कुणाला वाचवायला निघतो, हे संकलनाने ठरवलं. खोटं गळी उतरलं ते त्या कौशल्यामुळे, म्हणून कौशल्याचं वर्णन नीट करणं हाच आरोपपत्राचा मुख्य भाग. 'वाईट विचार आहे म्हणून वाईट सिनेमा' असं लिहिलंत तर ज्या वाचकाला तो सिनेमा आवडला त्याला वाटेल तुम्ही वेगळ्याच सिनेमाला गेला होतात.

मग बंदी? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेने त्या सिनेमावर बंदीसाठी गावोगाव झगडा केला. त्यांचा संताप मला कळतो, आणि तरी मी आजवर एकाही बंदीच्या मागणीवर सही केलेली नाही. कात्री एकदा सरकारच्या हातात दिली की ती बाजू बघत नाही. न्यूयॉर्कमध्ये योनास मेकास 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये सिनेमावर स्तंभ लिहायचे आणि प्रायोगिक चित्रकर्त्यांची वितरण-सहकारी संस्थाही चालवायचे. १९६४ मध्ये समलैंगिक जगाचं चित्रण करणारे सिनेमे दाखवले म्हणून अश्लीलतेच्या कलमाखाली त्यांना अटक झाली. (मेकास ज्या सिनेमांबद्दल लिहायचे तेच वितरितही करायचे. आजच्या नियमांत हे बसणार नाही. पण त्यांनी ते कधी लपवलं नाही. आपण न्यायाधीश नाही, नव्या सिनेमाचे वकील आहोत, अशीच त्यांची भूमिका होती. न्यायाधीशाचा झगा घालून वकिली करणारे मला जास्त खटकतात.)

आपल्याकडचं उदाहरण ख्वाजा अहमद अब्बास. १९३० च्या दशकात 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये चित्रपट-समीक्षक, 'इप्टा' या डाव्या नाट्यसंघटनेच्या स्थापनेत सहभागी, मग पटकथाकार, दिग्दर्शक. गांधीजींना सिनेमाचं वावडं होतं, तर अब्बासनी १९३९ मध्ये त्यांना जाहीर पत्र लिहून सिनेमाची बाजू मांडली. आपल्या बाजूच्या सर्वांत मोठ्या माणसाला असं सांगणं, हे मी वर म्हणते त्याच जातीचं काम आहे. पुढे मुंबईच्या वेश्यावस्तीचं दृश्य असलेल्या त्यांच्या माहितीपटावरून सेन्सॉरशी वाद झाला आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वतपासणी वैधच ठरवली, म्हणजे मूळ मुद्द्यावर अब्बास हरले. पण निर्णयाला कालमर्यादा हवी, सरकारबाहेर अपील करता यायला हवं, हे मुद्दे त्या खटल्यामुळे पुढे आले. अपिलीय न्यायाधिकरण १९८३ मध्ये स्थापन झालं आणि २०२१ मध्ये मोडीत निघालं. चळवळीतलं यश पुष्कळदा असं असतं, मिळतं आणि मागून काढून घेतलं जातं.

तुमच्या क्षेत्रातला निकाल तर तुम्हाला पाठच असायला हवा: निपुण मल्होत्रा खटला, जुलै २०२४. सिनेमातल्या अपंगांच्या चेष्टेवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला. न्यायालयाने सिनेमा बंद पाडला नाही. अपंगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद आणि अपंगाला हिणवणारा विनोद यांत फरक केला, आणि चित्रणाबद्दल मार्गदर्शक चौकट दिली. समीक्षकाने रोज जे करायचं तेच हे, फरक करून दाखवायचं. तुमच्या पत्रकात तो फरक असेल तर ते पत्रक माझ्यासारखीलाही वाचावंसं वाटेल.

कायद्याचंच आणखी एक, पटकन. पडद्यावर जे आहे त्यावर कितीही कडक लिहा, माणसाच्या हेतूवर लिहू नका. कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन समीक्षक असताना १९३७ मध्ये एका बालनटीला कसं पेश केलंय यावर लिहिताना घसरले. मुद्दा गंभीर होता, वाक्यं बेफाम. खटल्यात एकूण ३,५०० पौंड भरपाई ठरली आणि त्यातले ५०० ग्रीनच्या खिशातून गेले. मासिक त्याआधीच बंद पडलं होतं.

पैशाचं. निव्वळ परीक्षणांवर घर चालवणारे मला फार थोडे माहीत आहेत आणि त्यात कार्यकर्ता एकही नाही. लोक शिकवतात, भाषांतरं करतात, सबटायटल्स लिहितात, महोत्सवांसाठी सिनेमे निवडतात. मी कॅप्शन्स आणि श्राव्य वर्णनं लिहिते, आणि हे काम तुमच्यासाठीही सुचवेन, कारण त्याने नजर घडते. अंध प्रेक्षकाला दोन संवादांमधल्या तीन सेकंदांत पडद्यावरचं काय सांगायचं हे ठरवायला लागलं की त्या दृश्यात महत्त्वाचं काय होतं ते तुम्हाला पहिल्यांदा कळतं. निर्मिती संस्था अपंग-चित्रणाबद्दल सल्लागार म्हणून बोलावतील. पैसे बरे असतात, काम उपयोगी असतं, जरूर करा. पण मग तो सिनेमा तुम्ही परीक्षणाला घ्यायचा नाही, आणि त्या संस्थेचे पुढचे काही सिनेमेही नाही. प्रसिद्धी-लेखन मात्र मी कधीच घेतलं नाही.

संपादकांशी भांडण असं मिटवा: परीक्षणाच्या तळाला एक ओळ छापायला सांगा, 'लेखक अमुक संघटनेचे सदस्य आहेत.' माझ्या नावाखाली ती १८ वर्षं येतेय. वाचक दुरावले नाहीत. उलट जी ओळ संपादक खूप वर्षं कापायचे ती दुसरीच होती: 'या खेळाला कॅप्शन्स नव्हत्या, व्हीलचेअरची जागा पडद्याला चिकटून पहिल्या रांगेत.' त्यांच्या मते त्याचा सिनेमाशी संबंध नव्हता. माझा एक मित्र पहिल्या रांगेतून मान वर करून तीन तास सिनेमा बघतो आणि घरी गेल्यावर मानेला पट्टा बांधतो. त्याने पाहिलेला सिनेमा आणि मी पाहिलेला सिनेमा एकच आहे का, हा मला समीक्षेचाच प्रश्न वाटतो. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने चित्रपटगृहांतल्या सुगम्यतेची मानकं काढल्यावर ती ओळ कापणं थांबलं. बातमी झाली ना त्याची.

तर शुक्रवारचं. संघटनेला सांगा, पत्रक सोमवारपर्यंत थांबवा, तोवर कुणाचं काही अडत नाही. पहिल्या खेळाची तिकिटं काढा, फुकटचा पास नको. ज्यांच्यावर तो सिनेमा आहे असं म्हणतायत त्यांच्यातल्या दोघांना सोबत न्या, आणि मध्यंतरात त्यांना मत विचारू नका, नाहीतर उरलेला सिनेमा ते तुमच्यासाठी बघतील. तुमचं परीक्षण आधी लिहून संपादकांकडे पोचू दे, मगच पत्रकाचा मसुदा उघडा. आणि शेवटची नावं संपेपर्यंत कुणी उठू नका. अपंगत्वाबद्दल सल्लागार कुणी घेतला होता का, ते तिथेच कुठेतरी बारीक अक्षरांत असतं, आणि पत्रक कुणाच्या नावे पाठवायचं ते त्यावरून ठरेल.